पुलावरचे पांढरे दिवे

नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात तो लागला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं. ही गोष्ट घडली तेव्हा भुवया पिकायला आल्या होत्या. एवढ्या काळात त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सगळं शहर त्याला वायरमन म्हणायचं. बायकोही चिडली की म्हणायची, "अहो वायरमन, गावभर उजेड पाडता, आपल्या मोरीतला दिवा गेलाय तो कधी बसवणार?" तो हसायचा आणि मोरीत चाचपडत अंघोळ उरकायचा.

माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जीव मात्र एका ठिकाणी अडकलेला, धाकट्या बहिणीत. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिला यानेच वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. ती चाळिशीला आली तरी त्याच्या तोंडी चिमीच राहिली.

चिमीचा नवरा फरशी बसवायचं काम करायचा. वायरमन त्याला दाजी म्हणायचा. दाजी गमत्या माणूस. कुणाच्याही घरी गेला की आधी पायाखालची जमीन न्याहाळणार आणि मग म्हणणार, "या घरात लिंबू ठेवलं तर ते थेट शेजाऱ्याकडे जाईल." लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याने बाटलीपायी वाया घालवली होती. गटाराच्या कडेला निजलेल्या त्याला वायरमननेच दोन-तीनदा उचलून आणला होता. मग एकदा कामावर जिन्यातून पडला, कंबर धरली, महिनाभर आईच्या हातचं जेवला, आणि उठला तो दारूला हात न लावण्याचं ठरवूनच उठला. त्यानंतर थेंब नाही. घरात तिघंच होती, दाजी, चिमी आणि दाजीची म्हातारी आई. मूलबाळ झालं नाही, पण घर हसतं होतं.

चिमी नदीपलीकडच्या शिवणकारखान्यात कामाला जायची. कारखाना सुटायचा दिवेलागणीला. मधला पूल लांबलचक, आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक मिणमिणता पिवळा दिवा. मधे नुसता काळोख. बायका घोळक्याने जायच्या, तरी व्हायचं ते व्हायचंच. कुणाची पर्स गेली, कुणाच्या गळ्यातलं गेलं. एका नव्या मुलीला दोघांनी कठड्याशी दाबून धरलं होतं. तिने दुसऱ्या दिवशीपासून कामावर येणंच सोडलं.

चिमी भावावर उखडली. "दादा, नगरपालिकेच्या आवारातल्या झाडांना तू दिव्यांच्या माळा सोडल्यास. झाडांना रात्री वाचत बसायचं असतं का? आणि आम्ही मात्र आंधळ्यासारखं कठडा चाचपत पूल ओलांडायचा."

तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे खात्याचा इंजिनिअर, वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या "बघू" या शब्दाला शेवट नसायचा. वायरमन पुन्हा गेला. दर आठवड्याला जाऊ लागला. कारखान्यातल्या बायकांनाही एकदा घेऊन गेला, तेव्हा साहेबांना खुर्च्या कमी पडल्या. शेवटी दिवे मंजूर झाले. उंच खांब आले, त्यांवर झगझगीत पांढरे दिवे. एकेक दिवा त्याने स्वतः चढून बसवला.

पहिल्यांदा बटण दाबलं त्या संध्याकाळी कारखान्यातल्या बायका पुलावर मुद्दाम रेंगाळल्या. चिमी भावाजवळ येऊन म्हणाली, "दादा, आज पहिल्यांदा या पुलावर मला माझी सावली दिसली."

दाजीने एका खांबाच्या बुंध्याला आपली पाणसळ लावून पाहिली, आतला बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत डोळा बारीक केला आणि म्हणाला, "पास. आमच्या मेहुण्याचं काम तिरकं नसतं."

त्यानंतर वर्षभर कुणाच्या गळ्याला हात लागला नाही.

मग उन्हाळा सरत आला. वारा पडलेला, अंगाला कपडा चिकटावा अशी एक संध्याकाळ, आणि नदीतून कागदी वर आले.

कागदी हे लोकांनी ठेवलेलं नाव. बोटाच्या पेराएवढा किडा, पंख पातळ, पांढरे, चुरगळलेल्या कागदासारखे. त्याची अळी पाण्याच्या तळाशी चिखलात वर्ष-दोन वर्षं राहते. मग एखाद्या संध्याकाळी लाखोंनी एकदम वर येतात, पंख फुटतात, उडता उडता जोडी जमते, मादी पाण्यावर अंडी सोडते आणि सगळा खेळ संपतो. त्यांना खायला तोंडसुद्धा नसतं. दरवर्षी हे व्हायचं, पण नदीवर, अंधारात. कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. या वर्षी ते पुलावर आले. प्रत्येक दिव्याभोवती पांढरा धूर फिरत असल्यासारखे घोंघावत होते आणि खाली पडत होते. पहिल्या संध्याकाळी लोक मुलांना घेऊन बघायला आले. पोरं ओंजळी भरभरून एकमेकांवर उधळत होती.

दुसऱ्या संध्याकाळी त्याहून दुप्पट आले. कुणीतरी खात्यात कळवलं की पुलावरचे दिवे मंद झालेत, दिसेनासे झालेत. वायरमन शिडी घेऊन निघाला. पुलाच्या अलीकडच्या टोकाशी तो हातगाडीवरून शिडी उतरवत होता तेवढ्यात पलीकडून येणाऱ्या एका मोटारसायकलचा आवाज मधेच तुटला. लोखंड घासत गेल्याचा लांब आवाज आला आणि मग कठड्यावर काहीतरी आदळलं.

तो धावला. पाचसहा पावलांत पाय सटकला, उठला, पुन्हा सटकला. रस्ता पांढरा झाला होता आणि चाकांखाली चिरडून त्याचा बुळबुळीत लगदा झाला होता. शेवटचं अंतर तो गुडघ्यांवर रांगत गेला. जवळ पोचल्यावर आधी त्याने डबा ओळखला, चिमीने शिवलेल्या निळ्या पिशवीतला.

दाजीचे डोळे उघडे होते. तो बोलत नव्हता. कानामागून रक्त येत होतं. त्याच्या चेहऱ्यावर, ओठांवर कागदी पडत होते आणि वायरमन ते हाताने बाजूला करत होता, बाजूला करत होता. रुग्णवाहिका येईपर्यंत तो दुसरं काही करू शकला नाही. दवाखान्याच्या दारात दाजी गेला.

सकाळी सफाईवाल्यांनी टँकरने पाणी मारून पूल धुतला. दहाच्या सुमाराला पोलीस पाहणीला आले तेव्हा रस्ता आरशासारखा स्वच्छ होता.

स्ट्रेचर ओढणाऱ्या माणसाने चहाच्या टपरीवर सांगितलं, "अंगाला काय वास मारत होता." कसला वास, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना दाजीची जुनी वर्षं आठवत होती. संध्याकाळपर्यंत शहरभर झालं की फरशीवाला पिऊन पुलावर पडला. सरळ रस्ता, समोरून गाडी नाही, मग दुसरं काय असणार? रक्त तपासून घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही. "पतंगाला दिवा आणि दारुड्याला गुत्ता," कुणीतरी म्हणालं, "कितीही लांब ठेवा, मरायला तिथंच जायचे."

वायरमन चौकीवर गेला. हवालदाराने त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी काय लिहू? किड्यांनी मोटारसायकल पाडली?" तो टिंगल करत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

वायरमनला वाटलं, निदान घरच्यांना तरी पटेल. पण तिथंच घोडं अडलं. चिमी भिंतीला टेकून बसली होती. त्याने सगळं सांगितलं, लगदा, आपले घसरलेले पाय. ती म्हणाली, "दादा, माझं मन राखायला बोलू नकोस."

"मन राखायला नाही गं. मी स्वतः पडलो तिथे."

"त्यांनी मला शब्द दिला होता. कधी मोडला, कुणास ठाऊक. पहिल्यांदाच प्यायले असतील का? की इतकी वर्षं बाहेर पिऊन, तोंड धुऊन घरी येत होते?" आणि मग अगदी शांतपणे, "मला आता काही ऐकायचं नाही."

दवाखान्यातून आलेला मुलाचा सदरा म्हातारीने स्वतः धुतला होता. तेव्हापासून ती गप्प होती.

मरणाचं दुःख माणूस कसंबसं पचवतो. त्यात राग मिसळला की ते आंबतं. चिमीने नवऱ्याची अवजारं, करणी, पाणसळ, रबरी हातोडा, गोणीत भरून एका गवंड्याला देऊन टाकली. फोटो कपाटात पालथा ठेवला. रडायची ती बंदच झाली. कारखान्यात मुकाट शिवायची आणि त्याच पुलावरून, त्याच दिव्यांखालून घरी यायची. भाऊ भेटायला आला की चहा पुढे ठेवायची आणि सासूच्या गुडघेदुखीबद्दल बोलायची.

वायरमनला झोप लागेना. बाहेर अंगणातल्या दिव्याभोवती चिलटं फिरायची, ती तो बघत बसायचा. आई म्हणायची ते त्याला आठवायचं: किड्याला मरणाची हौस, त्याला कोण अडवणार. आधी तो तसंच समजून चालला होता. आता ते वाक्य त्याला टोचायचं, कारण लोक दाजीबद्दलही हेच बोलत होते.

पुढचा उन्हाळा लागला तेव्हा शहरात एक बाई आली. किड्यांचा अभ्यास करणारी, दूरच्या विद्यापीठातली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, उन्हाने सोललेलं नाक, पाठीवर कॅमेऱ्याची पेटी. दोन दिवसांत तिचं नाव किडेबाई पडलं. तिला पुलावरचे एक-दोन दिवे कधी चालू, कधी बंद करून हवे होते. साहेबांनी वायरमनला तिच्यासोबत दिलं. "हिला काय हवं ते बघ," ते म्हणाले, "आणि पुलावरून नदीत पडू देऊ नकोस."

संध्याकाळी दोघं पुलावर जायची. अजून कागदी निघाले नव्हते, पण इतर बरेच किडे होते. किडेबाई कॅमेरा लावून बसायची, तो बटणापाशी. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी त्याने विचारलं, "बाई, एक विचारू? यांना उजेडाचं एवढं वेड कशाला?"

"वेड नाहीये," ती म्हणाली. "मलाही लहानपणी तसंच सांगितलं होतं. इकडे या."

तिने कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्याला एक फिल्म दाखवली, अतिशय संथ केलेली. एक पतंग दिव्याच्या बाजूने चालला होता. दिव्याजवळ आला तसा त्याचं अंग कललं आणि पाठ दिव्याकडे झाली. तसाच कलून तो वळत गेला, गोल, पुन्हा गोल. दुसरा एक दिव्याच्या वरून जायला निघाला होता. दिवा त्याच्या पोटाखाली आला आणि तो हवेतच उलटा झाला, पोट वर, पाठ खाली, आणि दगडासारखा पडला.

"आपण डोळे मिटले तरी वर कुठे, खाली कुठे ते आपल्याला कळतं," किडेबाई म्हणाली. "एवढ्याशा किड्याला उडताना ते नीट कळत नाही. मग तो एक सोपी गोष्ट करतो. जिकडे उजेड तिकडे पाठ धरायची. रात्र कितीही काळी असली तरी आकाश जमिनीपेक्षा थोडं उजळ असतं. उजेडाकडे पाठ म्हणजे आभाळाकडे पाठ, म्हणजे आपण सुलटे. माणसं दिवे लावेपर्यंत ही गोष्ट कधी चुकली नव्हती."

"आणि मग आम्ही खांबावर दिवा लावला."

"हो. मग त्याला तेच आभाळ वाटतं. तो पाठ तिकडे करतो आणि कलंडतो. सरळ जायला जातो आणि गोल फिरतो. सुटताच येत नाही. दमेपर्यंत फिरतो." तिने पडदा बंद केला. "हेच सगळं कारण आहे असं मी म्हणणार नाही. अजून बरंच कळायचंय. पण ओढीने येत नाहीत, एवढं दिसतंय."

वायरमनने मान वर करून दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना इकडे यायचंच नव्हतं."

"नव्हतं. आपल्या वाटेने चालले होते."

तेव्हा त्याने तिला दाजीचं सांगितलं. कठड्यावरच्या त्या जागेकडे पाठ करून सांगितलं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "नदीवरचे असे दुसरे पूल मी पाहिलेत. पांढऱ्या उजेडात डांबर पाण्यासारखं चमकतं. कागदीच्या माद्या रस्त्यालाच नदी समजून अंडी सोडतात. ती अंडी तेलासारखी असतात. चाक उभं राहत नाही त्यावर." मग थांबून म्हणाली, "पाणी तापलंय. दोन-चार दिवसांत निघतील."

निघाले त्या संध्याकाळी तो बहिणीच्या घरी धावतच गेला. चिमी नुकतीच कामावरून येऊन पाय धूत होती.

"चल माझ्याबरोबर पुलावर."

"कशाला?"

"मी सांगून तुला पटलं नाही. डोळ्यांनी बघ."

"मी आत्ताच तिथून आले. चार किडे उडत होते. दादा, पुरे झालं आता. मेलेल्या माणसासाठी कुणापाशी भांडतोस?"

तेव्हा आतून म्हातारी आली. भिंतीला धरत धरत आली, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली, "मी येते."

"आत्या, तुमचे गुडघे," चिमी म्हणाली.

"गुडघ्यांचं मला सांगू नकोस. माझा पोरगा कुठे पडला ते मी अजून पाहिलेलं नाही."

मग चिमीलाही निघावं लागलं. तिघंजण निघाली, म्हातारी वायरमनच्या दंडाला धरून. पुलाच्या टोकाशी पोचेपर्यंत चार किड्यांचे लाखो झाले होते. दिव्यांभोवती पांढरी वावटळ फिरत होती आणि खाली सडा पडत होता. मोटारी त्यावरून जात होत्या आणि चाकांखाली पापड मोडल्यासारखा आवाज होत होता. चिमीने दोन पावलं टाकली आणि तिची चप्पल सटकली. वायरमनने हात धरला म्हणून ती पडली नाही. ती खाली बघत उभी राहिली.

म्हातारी मात्र कठड्याला धरून हळूहळू खाली बसली. तिने रस्त्यावरचा ओला लगदा मुठीत घेतला आणि नाकाशी नेला. सडक्या माशांसारखा, नदीच्या गाळासारखा वास.

"हाच," ती म्हणाली. "सदऱ्याला हाच वास होता."

चिमी वळली. "काय म्हणता?"

"सदरा मी धुतला ना. दारूचा वास मला ठाऊक नाही का? त्याच्या बापाचे कपडे आयुष्यभर धुतले मी. तो वास नव्हता. हा होता." तिने मूठ चिमीपुढे धरली. "मला कळलं होतं हा वेगळा वास आहे. पण सगळे म्हणाले प्यायला होता, दवाखान्यातले, पोलीस, शेजारीपाजारी. मला वाटलं, माझंच नाक म्हातारं झालं असेल."

चिमी तिच्याशेजारी बसली. त्या लगद्यातच बसली. आणि वर्षभर न रडलेली बाई तिथं रडली, मोठ्याने, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता. मधूनच ती एकच वाक्य म्हणत होती, "मी त्यांची अवजारं देऊन टाकली हो, आत्या. अवजारं देऊन टाकली."

तेवढ्यात त्यांच्यासमोर एक स्कूटर आडवी झाली. चालवणारा तरुण पोरगा घसरत घसरत जाऊन कठड्याच्या हातभर अलीकडे थांबला. कोपर सोललं, बाकी वाचला. तो उठून शिव्या देऊ लागला, कुणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

वायरमनने त्याच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. पुलाच्या टोकाशी लोखंडी पेटी होती, तिची किल्ली त्याच्या कमरेला. तो जपून पावलं टाकत गेला, पेटी उघडली आणि मुख्य बटण खाली ओढलं.

एका क्षणात पूल नाहीसा झाला. नदी आणि आभाळ तेवढं राहिलं. पंखांचा आवाज थोडा वेळ डोक्यावर फिरत होता, मग पातळ होत होत खाली पाण्याकडे गेला. पुलावर कॅमेरा लावून बसलेली किडेबाई पलीकडच्या टोकाला टॉर्च घेऊन उभी राहिली, हा अलीकडे, आणि दोघांनी गाड्या अडवून धरल्या. लोक भडकले. कुणी गचांडी धरली. त्याने उलट उत्तर दिलं नाही, पण किल्लीही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "तुला पगार दिवे लावायचा मिळतो," साहेब म्हणाले, "विझवायचा नाही. कुणाला विचारलंस?"

"विचारायला वेळ नव्हता, साहेब."

"आणि काळोखात एखाद्या बाईचं बरंवाईट झालं असतं तर? आठव, दिवे हवेत म्हणून तूच माझा उंबरठा झिजवला होतास."

साहेब खोटं बोलत नव्हते. त्याला खांबावरून काढून सामानाच्या खोलीत बसवलं. जन्मभर उंचीवर काम केलेला माणूस आता फळीवरचे दिवे मोजून दुसऱ्यांच्या हातात देऊ लागला.

किडेबाईने मात्र पिच्छा सोडला नाही. नगरपालिकेच्या सभेत तिने ती संथ फिल्म दाखवली, धुतलेल्या आणि न धुतलेल्या रस्त्याचे फोटो दाखवले, चिमीनेही उभं राहून त्या संध्याकाळी दिवे बंद करा म्हणून सांगितलं, आणि पुढच्या वर्षीपासून कागदी निघतील त्या संध्याकाळी पूल अंधारात ठेवायचं ठरलं. दोन्ही टोकांना पहारेकरी, वाहनं बंद, माणसांनी चालत जायचं.

आणि पुढच्याच वर्षी, अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी, कारखान्यातल्या एका बाईला कुणीतरी मागून ओढलं. पहारेकरी टोकाला होते, मधे कुणी नव्हतं. पर्स गेली, मनगट मोडलं. शिवणकाम करणाऱ्या बाईचं उजवं मनगट.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर बायका वायरमनच्या दारात आल्या. "स्वतःच्या दाजीसाठी आम्हाला अंधारात लोटलंस," एक म्हणाली. तो दारात उभा राहून ऐकत होता. चिमी त्याच घोळक्यातून आली होती. ती पुढे होऊन भावाच्या बाजूला उभी राहिली.

"बोलायचं तर मला बोला," ती म्हणाली. "दिवे मी मागितले होते. गेल्या वर्षी सभेत जाऊन बंद करा म्हणणारीही मीच. माझा नवरा उजेडात मेला, तिचा हात अंधारात मोडला. दोन्हीचं मला वाईट वाटतं. याला का धरता?"

बायका एकेक करून पांगल्या. जिचं मनगट मोडलं होतं तिच्या घरी चिमी महिनाभर संध्याकाळी स्वयंपाक करायला जात होती. मनगट जुळलं, पण वाकडं. ती पुन्हा शिवणयंत्रावर बसली नाही.

नंतर पुलावरचे उंच खांब निघाले. कठड्याच्या उंचीचे, झाकण घातलेले, खाली तोंड केलेले पिवळसर दिवे आले. पायाखालचं दिसतं, त्यापलीकडे नाही. कागदी अजूनही येतात, पण थोडे. ते दिवे दुसऱ्या कुणी बसवले. वायरमनने सामानाच्या खोलीतून ते मोजून दिले, एवढाच त्याचा हात लागला. म्हातारी त्या हिवाळ्यात गेली. शेवटचे काही दिवस ती कुणीही भेटायला आलं की आधी सांगायची, "माझा पोरगा प्यायला नव्हता," आणि मग कोण आलंय ते विचारायची.

शहराने मात्र आपलं म्हणणं मागे घेतलं नाही. कुणी चिमीला येऊन म्हणालं नाही की आमचं चुकलं. अवजारं नेलेला गवंडी काम शोधत दुसरीकडे गेला होता. तिने बरीच चौकशी केली, पण तो सापडला नाही.

एकदा बहीणभाऊ पुलाजवळच्या टपरीवर चहा घेत होते. वायरमन तेव्हा निवृत्तीला आला होता. एका परक्या ट्रक ड्रायव्हरने कठड्याचा नव्याने बांधलेला तुकडा पाहून विचारलं, इथे काय झालं होतं? टपरीवाला पातेलं ढवळत, मान वर न करता म्हणाला, "एक फरशीवाला पिऊन पडला होता."

चिमीने कप खाली ठेवला. "तो माझा नवरा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "प्यायला नव्हता. वर पांढरे दिवे होते. नदीतले किडे दिव्यांना आभाळ समजून उलटे होऊन पडले, रस्ता बुळबुळीत झाला आणि त्यावरून गाडी घसरली. दिवे ह्या माझ्या भावाने लावले होते. मी सांगितलं म्हणून."

ड्रायव्हरने एकदा तिच्याकडे, एकदा वायरमनकडे पाहिलं, मान हलवली आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. टपरीवाला पातेलं ढवळत राहिला.

"दरवेळी सांगतेस का असं?" वायरमनने विचारलं.

"कुणी विचारलं की सांगते."

"माझं नावही घेतेस?"

"सगळंच सांगते, दादा. मधलं काही गाळलं की मग लोक त्यात आपलं भरतात."

त्याने मान डोलावली. दिवेलागण झाली होती. तिने पिशवी खांद्याला लावली, त्याने तिच्या शेजारी रस्त्याकडची बाजू धरली आणि दोघं पायाखाली बघत पूल ओलांडू लागली.